लाल शराब, मोह आणि पाहुणा

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून खानदेशमार्गे बऱ्हाणपूरला पोचला. जहांगीर बादशहाचा पुत्र परवेझ त्या वेळी तेथे दक्षिणेचा सुभेदार होता. परदेशी वकिलाने रिकाम्या हाताने जाणे शिष्टाचाराला धरून नव्हते. रोने नजराणा दिला आणि त्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटीही होती. शाहजाद्याने दरबारात त्याचा सन्मान केला, नंतर आतल्या महालात निवांत भेटू असे सांगितले आणि तो उठून गेला. रो बाहेर ताटकळत बसला. बराच वेळ गेल्यावर निरोप आला की आता भेट होणार नाही. पेटी उघडली गेली होती आणि शाहजादा शुद्धीवर नव्हता. ही हकीकत रोनेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

परदेशी बाटली आणि आपला दख्खन यांच्या गाठीभेटीची ही एक जुनी नोंद. पेयाने येथे आपले काम चोख बजावले, किंबहुना जरा जास्तच. पाहुण्याच्या पदरी मात्र निराशा पडली. यानंतरच्या चारशे वर्षांत पारडे बहुधा उलट बाजूला झुकलेले दिसते. बाटली महाग, दुरून आणलेली, खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असते, आणि बूच निघाल्यावर पेल्यात काहीतरी निस्तेज, आंबट किंवा कुबट उतरते. यजमान ओशाळतो आणि पाहुणे सभ्यपणे घोट गिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत धर्मसेवा करणाऱ्या माणसाने या विषयावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण आमच्या वेदीवरही द्राक्षारस असतो आणि तो बिघडू शकतो ही चिंता ख्रिस्तसभेने शतकानुशतके वाहिली आहे. शिवाय ज्या भूमीत आम्ही राहतो तेथे पाहुण्याला काय प्यायला द्यावे हा प्रश्न गेली काही दशके नुसत्या रुचीचा राहिलेला नाही.

रो पुढे अजमेरला जहांगिरासमोर उभा राहिला. बादशहाला तांबड्या द्राक्षमद्याची किती ओढ आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कंपनीला कळवले की चार-पाच पिंपे तांबडे मद्य पाठवाल तर लंडनच्या सराफ बाजारातील सर्वांत मौल्यवान रत्नापेक्षाही त्याचे येथे अधिक स्वागत होईल. सल्ला शहाणपणाचा होता, पण वाट फार लांब होती. लंडनहून निघालेले जहाज अटलांटिकमधून खाली उतरताना एकदा आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरातून वर चढताना दुसऱ्यांदा विषुववृत्त ओलांडत असे. प्रवासाला सहा-सहा महिने लागत. जहाजाच्या पोटातील उबट दमट हवेत पिंपे सतत हेलकावत राहत. कंपनीने पाठवलेल्या इतर भेटवस्तूंचेही याच प्रवासात काय होत असे ते रोच्याच तक्रारींवरून कळते. चामडे बुरसटलेले आणि आरशांचे सांधे निखळलेले, अशा वस्तू बादशहापुढे ठेवण्याची त्याला लाज वाटे. काच आणि चामडे यांची ही गत, तर जिवंत पदार्थाची काय सांगावी? द्राक्षमद्य हा जिवंत पदार्थ आहे. हवेचा स्पर्श आणि उष्णता मिळाली की त्यातील सूक्ष्म जंतू मद्यार्काचे आम्ल करू लागतात आणि मद्याचा सिरका होतो.

पोर्तुगीजांना हा अनुभव त्याही आधी आला होता. लिस्बनहून गोव्याला येणारी गलबते वाटेत माडेरा बेटावर मद्य भरून घेत. नुसते मद्य उष्ण कटिबंधात टिकत नाही हे ध्यानात आल्यावर पुढे त्यात द्राक्षाचाच ऊर्ध्वपातित अर्क घालण्याची रीत पडली. मग एक अजब गोष्ट उघडकीला आली. न खपलेली पिंपे हिंदुस्थानची वारी करून परत गेली तेव्हा त्यांतील मद्य बिघडण्याऐवजी अधिक रुचकर झाले होते. उन्हाने आणि हेलकाव्यांनी जणू त्याला शिजवून मुरवले होते. अशा फेरी मारून आलेल्या मद्याला ‘विन्यो द रोदा’ असे नाव मिळाले आणि त्याची किंमत वाढली. पुढे माडेऱ्यातच ते गरम खोल्यांत तापवून तयार करू लागले. अठराव्या शतकात मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या इंग्रजांच्या पंक्तीत माडेऱ्याला मानाचे पान होते याचे कारण शौकापेक्षा हवामानात शोधावे लागेल.

बोर्दोच्या तांबड्या मद्याला ही सवलत नव्हती. त्यात वेगळा अर्क नाही, साखर नाही. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा व नैसर्गिक आम्ल एवढ्यावरच ते तग धरते. थंड तळघरात ते वर्षानुवर्षे मुरते, आपल्या उन्हाळ्यात महिन्याभरात मरते. तरीही इंग्रज साहेबाने ते सोडले नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘लोल-श्राब’ असा एक शब्द आहे. ही आपली लाल शराबच. साहेबाच्या घरचे नोकर क्लॅरेटला असे म्हणत आणि नोकरांचे ऐकून साहेबही तसेच म्हणू लागले. त्याच कोशात शँपेनचे ‘सिमकिन’ झालेले आढळते. मद्य थंड राखण्यासाठी घरात एक खास नोकर असे, आबदार. सोरा विरघळलेल्या पाण्यात बाटली फिरवत राहणे हे त्याचे कौशल्य, कारण सोरा विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. १८३३ मध्ये अमेरिकेच्या बॉस्टन शहराहून तळ्यातील बर्फाच्या लाद्या घेऊन पहिले जहाज कलकत्त्याला लागले. पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले आणि आबदाराच्या विद्येला उतरती कळा लागली. पण बर्फ घातला तरी आधीच बिघडलेले मद्य सुधारत नाही. ते फक्त थंड होते, आणि थंडपणामुळे दोष जरा लपतो.

युरोपातही चित्र फार वेगळे नव्हते. १८६० च्या व्यापारी करारानंतर फ्रेंच मद्य इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले आणि पोचेपर्यंत ते आंबते, कडवट होते अशा तक्रारी वाढल्या. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने या दुखण्याचा शोध लुई पाश्चरवर सोपवला. पाश्चरने मद्याच्या एकेका व्याधीमागचा सूक्ष्म जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मद्य हवा न लागू देता पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापवले तर हे जंतू मरतात असे सिद्ध करून १८६६ मध्ये त्याने आपला ग्रंथ छापला. आज सकाळी आपल्या दारात पडणारी पाश्चराइज्ड दुधाची पिशवी मुळात बिघडलेल्या मद्याच्या तक्रारीतून आली हे किती जणांना ठाऊक असते? सर्व दोष मात्र त्याने संपले नाहीत. बुचाच्या सालीत बुरशीमुळे तयार होणारे एक रसायन मद्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आणते. त्याचा छडा स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी लावला. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम एवढ्यानेही बाटली वाया जाते, मग ती शंभर रुपयांची असो वा लाखाची. बाहेरून काहीच कळत नाही. बूच काढल्यावरच कळते, आणि बूच तर पाहुण्यांसमोर काढायचे असते.

किमतीविषयी थोडे सांगतो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मद्यांची जी प्रतवारी लावली गेली, आणि जी अल्पशा बदलाने आजही चालू आहे, ती मुख्यतः बाजारभावावरून लावलेली होती. म्हणजे जे महाग ते उत्तम असे आधीच ठरले होते. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनच्या लिलावात १७८७ सालची म्हणून ‘लाफीत’ची एक बाटली एक लाख पाच हजार पौंडांना गेली. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या मालकीची ती असावी अशी समजूत होती. विकत घेणाऱ्या फोर्ब्स कुटुंबाने ती न्यूयॉर्कमधील आपल्या दालनात दिव्याच्या झोताखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकले आणि मद्यात घसरून पडले. त्याच जातीच्या इतर बाटल्यांच्या खरेपणाबद्दल पुढे न्यायालयात वाद झाले ते वेगळेच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा लोकांना किंमत न सांगता मद्य चाखायला दिले होते. सर्वसाधारण माणसाला महाग मद्य अधिक आवडते असे काही त्यातून दिसले नाही, उलट किंचित कमीच आवडते असे दिसले. तेव्हा यजमानाची निराशा कित्येकदा बाटलीत नसते, तिच्यावर लावलेल्या अपेक्षेत असते.

आता आमच्या मुलखाकडे येतो. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. जंगल खाते आणि महसूल खाते यांचे अधिकारी तंबू, बंदुका व पेट्या घेऊन साग-मोहाच्या रानात फिरू लागले. मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांवर पारा चढणाऱ्या या प्रदेशात बैलगाडीवरून आलेल्या क्लॅरेटची दशा काय झाली असेल हे येथे एक उन्हाळा काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गंमत अशी की त्याच रानात दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पहाटे पिवळसर मांसल फुलांचा सडा पडत होता. मोहाची फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मडक्याच्या भट्टीतून अर्क उतरवायचा ही विद्या गोंड-माडियांच्या घरोघरी होती. या अर्काला उन्हाचे भय नव्हते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या १८७१ च्या ग्रंथात असा अभिप्राय दिला आहे की मोहाचा अर्क नीट काढून जुना होऊ दिला तर तो मुळीच तुच्छ लेखण्याजोगा नसतो, काहीसा आयरिश व्हिस्कीसारखा लागतो.

पण राज्यकर्त्यांनी मोहाकडे पाहुणचार म्हणून पाहिले नाही, महसूल म्हणून पाहिले. अबकारी आली, घरच्या भट्टीवर बंदी आली आणि गाळण्याचा व विकण्याचा मक्ता लिलावाने कलालाकडे गेला. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे नुसती फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले, आणि ही फुले लोकांचे दुष्काळातील अन्नही होती. देवाला थेंब वाहून, पितरांची आठवण करून, मग पाहुण्याला पानाच्या दोन्यात द्यायची वस्तू दुकानात पैशाने मिळू लागली. माझ्या मते या प्रदेशातील दारूच्या दुःखाचा आरंभ येथे शोधला पाहिजे. सणाला मर्यादा असते, दुकान रोज उघडते. याचा अर्थ मोहाच्या घरगुती दारूने कधी कोणाचे घर मोडले नाही असा मात्र कोणी घेऊ नये. तसे म्हणणारे हौशी लेखक शहरात भेटतात. त्यांनी एखाद्या टोल्यावर चार रात्री काढाव्यात.

१९९० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील एका मिशन-घरात मी जेवायला होतो. युरोपातील एका उपकारकर्त्याने दिलेली तांबड्या मद्याची बाटली त्या घराने मोठ्या प्रसंगासाठी म्हणून लोखंडी कपाटात उभी करून ठेवली होती. मध्ये दोन उन्हाळे गेले होते. नागपूरहून पाहुणे आले, बाटलीवरची धूळ पुसली गेली, तिच्या किमतीची थोडी चर्चाही झाली. बूच अर्धे तुटून आत पडले. पेल्यात आले ते विटकरी रंगाचे होते आणि त्याला शिजलेल्या मनुकांचा व सिरक्याचा वास होता. ज्येष्ठ पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि ते पाऊसपाण्याविषयी बोलू लागले. स्वयंपाकघरातला गोंड मुलगा पेले उचलायला आला, त्याने एकाचा वास घेतला आणि हळूच म्हणाला, “हे तं आंबलं जी, फादर. याचं काय करू?” दुसऱ्या दिवशी ते मटण मुरवायला वापरले. मटण चांगले झाले होते.

बाटली उभी ठेवली की बूच कोरडे पडून आक्रसते आणि हवा आत शिरते, ती आडवी ठेवावी हे साधे तंत्र त्या घरात कोणाला माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी लोखंडी कपाटातील बेचाळीस-पंचेचाळीस अंशांपुढे त्याचा काय पाड लागणार होता? तांबड्या मद्याला बारा ते पंधरा अंशांचा गारवा लागतो.

हाच पदार्थ वेदीसाठी अपरिहार्य असल्यामुळे ख्रिस्तसभेला यावर फार बारकाईने विचार करावा लागला. १५७० च्या रोमन मिस्साग्रंथात दोषांविषयी एक स्वतंत्र प्रकरण होते. द्राक्षारसाचा सिरका झाला असेल किंवा तो कुजला असेल तर साक्रामेंत होत नाही, आणि नुकताच आंबू लागला असेल तर होते, पण तो वापरणारा धर्मगुरू दोषी ठरतो, असा त्यातील निवाडा आहे. सेमिनरीत आम्ही हे घोकले तेव्हा ते कायदेपंडितांचे कीस काढणे वाटे. उष्ण देशांतील मिशनांचा इतिहास वाचल्यावर त्यामागची व्यावहारिक अडचण दिसू लागते. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे भरवलेल्या धर्मसभेतही द्राक्षारसाच्या टंचाईचा विषय निघाला आणि पोर्तुगालच्या राजाने मलबारच्या चर्चसाठी दरवर्षी मद्य दान म्हणून पाठवावे अशी विनंती करण्याचे ठरले. मनुकांपासून केलेला द्राक्षारस चालेल का, हा प्रश्न रोमला विचारला गेला. रंगावरून आणि चवीवरून तो खरा द्राक्षारस वाटत असेल तर चालेल असे उत्तर १७०६ मध्ये मिळाले. पुढे १८९६ मध्ये, टिकाव धरावा म्हणून द्राक्षाचाच अर्क मर्यादित प्रमाणात मिसळण्यासही अनुमती मिळाली. माडेऱ्याच्या व्यापाऱ्यांना जे जहाजावर उमगले होते ते रोमनेही अखेर मान्य केले.

चांदा मिशन १९६२ मध्ये सिरो-मलबार परंपरेतील सी. एम. आय. धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला. बल्लारपूर हे त्याचे केंद्र. केरळातून आलेल्या या धर्मगुरूंना उष्ण हवेतील द्राक्षारसाची जपणूक हा विषय पूर्वजांकडूनच मिळाला होता असे म्हणायला हरकत नाही. पूर्वेकडील ख्रिस्तसभांच्या १९९० च्या संहितेतील ७०६ वे कलम याबाबत लॅटिन संहितेपेक्षा वेगळे नाही: द्राक्षाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला. कोठेही महाग असावा असे म्हटलेले नाही.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तेथे काम करू लागले होते, आणि गावोगावच्या स्त्रिया दारूविरुद्ध एकत्र येत होत्या. या लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्धा जिल्ह्यात ती १९७५ पासून होतीच. चंद्रपूरच्या स्त्रियांनीही तीच मागणी लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर पायी मोर्चा नेला, आणि त्यात हजारो बाया होत्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी आली. अवैध दारू वाढली, बंदी फसली असा निष्कर्ष पुढे मांडला गेला आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. गडचिरोलीत ती आजही आहे. बंदीने दारू संपत नाही हे मलाही दिसते, चोरून येणाऱ्या पेट्या कोणत्या वाटेने येतात हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण चिमूरहून निघालेल्या त्या बायांच्या पायांना जे फोड आले त्यांचे उत्तर महसुलाच्या आकड्यांत मिळत नाही. अवैध दारूचा बंदोबस्त होत नाही म्हणून वैध दारू आणावी, हा युक्तिवाद मला शेवटपर्यंत पटलेला नाही.

इकडे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला द्राक्षांचा संसार उभा राहत होता. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाईन काढली. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. फ्रान्समध्ये द्राक्षे सप्टेंबरच्या आसपास उतरतात. आपल्याकडे वर्षात दोनदा छाटणी करून, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी, पीक जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत आणले जाते. हे कौशल्य आपल्या शेतकऱ्याचे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा. मात्र थंड खोलीतून निघालेली ही बाटलीही विदर्भाच्या उन्हाळ्यात विनाछत्राच्या टेंपोत चार दिवस राहिली तर तिची गत परदेशी बाटलीहून निराळी होत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. पुढे विरोधामुळे तो निर्णय अमलात आलाच नाही.

काना गावच्या लग्नाची गोष्ट या संदर्भात माझ्या मनात वारंवार येते. तेथला पंक्तिप्रमुख नवऱ्या मुलाला म्हणतो ते लोकव्यवहाराचे मार्मिक निरीक्षण आहे: लोक चांगला रस आधी वाढतात आणि पाहुण्यांची जीभ सैलावली की हलका. म्हणजे पहिल्या शतकातील गालीलातही यजमानाला काटकसर करावी लागत होती आणि पाहुण्यांना ती कळतही होती. रस संपला हे प्रथम लक्षात आले ते एका स्त्रीच्या, हेही आमच्या दारूबंदीच्या बैठकांत मी सांगतो तेव्हा बाया हसतात. मग एखादी विचारते की तिने तर आणखी मागवला, फादर, आम्ही तर बंद करा म्हणतो. या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्याचा मोह मी टाळतो. त्या घरी रस संपल्याने यजमानाची अब्रू जाणार होती, आणि या बायांच्या घरची अब्रू दारूने जाते. दोन्हीकडे घर सांभाळण्याची चिंता बाईलाच आहे.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाकरिता परवानगीची तरतूद आहे. तीखाली येणारा आमचा साठा लहान बाटल्यांत ठेवतो. मोठी बाटली स्वस्त पडते, पण एकदा उघडली की येथल्या हवेत टिकत नाही. फेब्रुवारी उलटला की उघडलेली बाटली चार-पाच दिवसांपलीकडे ठेवायची नाही आणि मिस्सापूर्वी वास घेतल्याशिवाय झारीत ओतायची नाही, असे वेदीसेवक मुलांना शिकवले आहे. सणाला पाहुणे आले की पंक्तीत ताक असते, आणि एप्रिल असेल तर भाजलेल्या मोहफुलांचे तिळात कुटलेले लाडू. ते कोणी पानात टाकलेले मी अजून पाहिले नाहीत.